ताईंनाच आपणहून कळावं म्हणून मी गप्प राहतोय, हे बरोबर आहे का?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. गावाचं नाव सांगत नाही, रत्नागिरीच्या दक्षिणेला किनाऱ्यावर एका कोळंबी हॅचरीच्या लॅबमध्ये मी आहे, पाण्याची तपासणी माझ्याकडे. नवरात्रापासून आमची ४ नंबरची टाकी तीनदा बसलीय. तिन्ही वेळा झोइया स्टेजला, म्हणजे पिल्लं अगदी लहान आणि नाजूक असताना, संध्याकाळी पिल्लं मस्त शेपटी सोडून फिरतायत आणि सकाळी सगळी तळाला. ३ आणि ५ नंबरला तेच पाणी, तेच शेवाळ, तेच बीज, आणि तिथे काही नाही. पहिल्या दोन वेळा सगळे म्हणाले व्हिब्रिओ असेल, म्हणजे पिल्लं मारणारे जिवाणू, मलाही तेच वाटलं, कारण झोइयाला मरायला काही मोठं कारण लागत नाही.

तिसऱ्या वेळी माझ्या दुसऱ्या एका कामासाठी ओआरपीचा प्रोब (पाण्यात क्लोरीनसारखं काही आलं की याचा आकडा चढतो) नेमका ४ नंबरमध्ये टाकलेला होता, आकडे आपोआप नोंदवणाऱ्या लॉगरला जोडून. आधी रेघ ३०० मिलीव्होल्टच्या आसपास सपाट, आणि १ वाजून ४० मिनिटांनी सरळ उडी, ६०० च्या वर, मग पहाटेपर्यंत हळूहळू खाली. ज्यांनी क्लोरीन घातलेलं पाणी बघितलंय त्यांना ही रेघ ओळखता येते. आमच्याकडे ब्लिचिंग पावडर मारतात ती बाहेरच्या मोठ्या टाकीत, मग थायोसल्फेट घालून क्लोरीन शून्यावर आलं की मगच पाणी आत घेतात. पिल्लांच्या टाकीत रात्री पावणेदोनला क्लोरीन यायचं काही कारणच नाही.

रजिस्टर बघितलं तर तिन्ही रात्री एकाच माणसाची ड्यूटी. आणि इथेच माझं अडतं. त्या माणसाचं आणि माझं पटत नाही हे सगळ्यांना माहितीय, वरच्या पोस्टसाठी आम्हा दोघांचेच इंटरव्ह्यू झालेत. लॉगर माझा, प्रोब माझा, मी बोललो तर उद्या म्हणतील यानेच घातलं असेल.

आमच्याकडे एक ताई आहेत, मायक्रोबायोलॉजीच्या, बारा वर्षं इथे आहेत, त्यांच्या शब्दावर मालकसुद्धा प्रश्न विचारत नाहीत. मला वाटलं हे त्यांनी शोधलं तर खरं ठरेल. म्हणून मी त्यांना काही न सांगता म्हटलं, ताई प्रोब जरा भरकटल्यासारखा वाटतोय, तुम्ही डाटा उतरवून बघता का. त्यांनी बघितला आणि म्हणाल्या लाइट गेली असेल, ब्लोअर बंद पडला असेल, आणि सोडून दिलं. मग परवा मी ड्यूटीचं रजिस्टर त्या तीन तारखांची पानं दुमडून त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. तेव्हापासून झोप नाही मला. असं करणं बरोबर आहे का? आणि यापुढे काय करू म्हणजे त्यांच्या लक्षात येईल? लाखो पिल्लं गेली हो, आणि त्यांच्यावर रात्र रात्र जागलेली पोरं आहेत आमच्याकडे.

जांभ्याचा चिरा:
लोट्याला केमिकलमध्ये आयुष्य गेलं, आता चिपळुणात घरी असतो. माणसावर जायच्या आधी पाण्यावर या. खारटपणा उतरवायला विहिरीचं पाणी मिसळता का? मिसळत असाल आणि क्लोरीन ऑर्थोटोलिडिनने बघत असाल तर सावध, आपल्या जांभ्यातून लोखंड आणि मँगनीज उतरतं आणि त्यानेही पिवळा रंग येतो, क्लोरीनचा थेंब नसताना. मी डोळ्यांनी बघितलंय. डीपीडीच्या गोळ्या आणा, क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं, लोखंडाने त्या एवढ्या फसत नाहीत.

प्रोबचंही तसंच, त्यावर बुळबुळीत थर बसला की तो काहीही सांगतो. एका रेघेवर कुणाची नोकरी घालवायची नसते. पण तुमची रेघ चढून हळूहळू उतरली म्हणताय, खराब प्रोब सहसा असा शिस्तीत उतरत नाही, ते मला खटकतंय.

दुसरं, नमुना घेतला की जागेवर टेस्ट करायची. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ६५ मिलीग्रॅम ब्रोमाइड असतं, क्लोरीन पडला की लगेच ब्रोमाइडला भिडतो आणि पुढे जे पिल्लं मारतं ते खरं तर ब्रोमीन, टेस्टला मात्र ते क्लोरीनसारखंच दिसतं. हवा चालू असेल आणि वर ऊन आलं तर काही तासांत हे सगळं गायब. सकाळी आठला बाटली भरून काही मिळणार नाही. आणि तुमच्या ताई मायक्रोबायोलॉजीच्या, त्यांच्याकडच्या निर्जंतुक बाटल्यांत थायोसल्फेट घातलेलं असू शकतं, क्लोरीन मारायलाच घालतात ते, तेव्हा त्या बाटलीत नमुना घेतलात तर खून झालेला असताना शून्य येईल. साध्या बाटल्या वापरा.

सड्यावरची:
पाण्याचं काकांनी सांगितलं, मी त्या टेबलावर ठेवलेल्या रजिस्टरबद्दल बोलते, कारण मला तिथेच जास्त भीती वाटतेय.

डाटा उतरवायला सांगितलात तोपर्यंत ठीक होतं, ती मोजणी आहे, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली आणि त्यांना जे वाटलं ते त्या म्हणाल्या. पानं दुमडून ठेवणं ही मोजणी नाही, ते तुम्ही त्यांच्या तोंडात नाव घातलंत. उद्या मालकाने विचारलं की तारखा जुळवायचं कसं सुचलं तर ताई काय सांगणार? खोटं बोलणार नाहीत. मग सगळं फिरून तुमच्याचवर येईल, आणि त्यांच्या बारा वर्षांच्या शब्दाला तुमच्यामुळे डाग लागेल.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात २०१० मध्ये अगदी असंच झालेलं. एका पीएचडीच्या मुलीच्या पेशी मरत होत्या, लेबलं बदललेली सापडत होती, आधी तिला वाटलं आपणच चुकतोय. मग मीडियाला, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढवतात त्याला, अल्कोहोलचा वास आला. तक्रार केल्यावर पोलिसांनी आधी तिचीच चौकशी केली. शेवटी लॅबमध्ये लपवून कॅमेरे लावले तेव्हा तिच्याच लॅबमधला पोस्टडॉक फ्रिजमधल्या तिच्या मीडियात अल्कोहोल घालताना सापडला आणि त्याने कबूल केलं. जो ओरडतो त्याच्यावर आधी संशय येतो हे तुमचं म्हणणं खरं आहे, मी ते खोडत नाही. पण ती सुटली ती कुणाला तरी हळूच वाटेवर नेऊन नाही, उघड बोलून सुटली.

माझं मत असं की ताईंना सांगा, पण नाव सोडून सांगा. "४ नंबरमध्ये रात्री क्लोरीन येतंय असं मला वाटतंय, माझं मत एकतर्फी असू शकतं म्हणून मोजणी तुम्ही करा, कशी करायची ते तुम्हीच ठरवा." एवढंच. लॉगर त्यांच्या ताब्यात द्या. आणि मोजणीच्या रात्री तुम्ही तिथे असूच नका, घरी जा.

वेंगुर्ल्याचो:
अरे सरळ सांग तिका, फिरवून फिरवून कित्याक? बारा वर्षं काम केलेली बाई आसा, तिका समजणा नाय असा वाटता काय तुका? मी बोटीवर इंजिन बघतंय, डिझेलात पाणी कोण घालता ता माका म्हायत होता आणि मी भावाक कोड्यात सांगीत रवलंय, तो माझ्यावरच रागावलो की माझ्यावर भरवसो नाय तुझो. दोन वर्षं बोललो नाय.

खाडीकाठ:
उशीर झाला लिहायला, तीन आठवडे झाले. सगळ्यांचं वाचलं, वेंगुर्ल्याच्या दादांचं तर रात्री परत परत वाचलं.

ताईंना सांगायला गेलो तर तोंड उघडायच्या आधी त्याच म्हणाल्या, "रजिस्टर तूच ठेवलंस ना? मला काय शाळेतली पोर समजलास? काय सांगायचंय ते बोल." मी नाव न घेता सगळं सांगितलं. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, चहालाही आल्या नाहीत, आणि त्यांचं बरोबरच होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या लॉगर दे, पासवर्ड दे, आणि यापुढे मला काही विचारायचं नाही.

पुढचं मला नंतर कळलं ते असं. ३, ४ आणि ५ तिन्ही टाक्यांचं पाणी रात्री दहा, दोन आणि पाचला काढायचं, स्टोअरचे काका आतून बाटल्या भरून फक्त आकडे टाकून आणणार, कुठला आकडा कुठल्या टाकीचा ते त्यांच्या वहीत. ताई बाजूच्या खोलीत डीपीडीने तिथल्या तिथे बघणार. साध्या बाटल्या, चिपळूणचे काका, तुमचं नाव न घेता मी हे एवढंच ताईंना सांगितलं होतं. विहिरीच्या पाण्याचाही वेगळा नमुना घेतला त्यांनी, त्यात काही आलं नाही.

सहा रात्री काहीच नाही. ताई म्हणे मालकांना सांगणार होत्या की चूक प्रोबचीच होती. सातव्या रात्री दोनच्या बाटल्यांत एक गुलाबी झाली, गर्द गुलाबी. त्यांनी आधी आकडा आणि वेळ लिहिली, काकांची सही घेतली, मगच वही उघडली. ४ नंबर. तशाच धावत जाऊन त्यांनी टाकीत थायोसल्फेट ओतलं, ते लगेच काम करतं, त्यामुळे या वेळी निम्म्याच्या वर पिल्लं वाचली. लॉगरमध्ये उडी १ वाजून ३५ मिनिटांची.

सकाळी मालकांसमोर त्यांनी वही ठेवली. त्या रात्री टाक्यांजवळ तिघं होते, माझ्या मनातला माणूस त्यातला एक, आणि कोण ते अजून ठरलेलं नाही. आता आत कॅमेरे लागतायत आणि ब्लिचिंगच्या खोलीला कुलूप आलंय, चावी ताईंकडे.

मी त्या रात्री गावी होतो, सड्यावरच्या ताईंनी सांगितलं तसं. परत आलो तर ताईंनी पहिलं तेच विचारलं, तू कुठे होतास. मी खिशातनं एसटीची दोन्ही तिकिटं काढून दिली, जायचं आणि यायचं. त्यांनी ती नीट बघितली, तारीख वाचली, आणि त्याच वहीत त्या रात्रीच्या आकड्यांसमोर डिंकाने चिकटवली. मग म्हणाल्या, चल, चहा घेऊ.