दुसरीतल्या मुलीने 'माझे कुटुंब' या चित्रात कामाच्या मावशींना घेतले. ते चूक म्हणावे का?

मृण्मयी, कोथरूड

माझ्या मुलीला शाळेतून 'माझे कुटुंब' असे चित्र काढून खाली प्रत्येकाचे नाव लिहायला सांगितले होते. तिने आजीला पाटावर बसवले, मला ओट्यापाशी उभे केले आणि आम्हा दोघींच्या मधोमध, आमच्याहून थोड्या मोठ्या, निळ्या साडीतल्या मावशी काढल्या. त्या गेली पाच वर्षे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा आमच्याकडे असतात आणि मुलीला भरवण्यापासून शाळेच्या बसमध्ये बसवण्यापर्यंत सगळे त्याच पाहतात. बाबा नोकरीनिमित्त बेंगळुरूला असतात आणि शनिवार-रविवारी येतात. ते समासाच्या रेषेवर आहेत, एक पाय आत आणि एक बाहेर. नागपूरचे सख्खे काका चित्रातच नाहीत. बाईंनी मावशींवर लाल रेघ मारून 'कुटुंबात फक्त नात्यातील माणसे' असा शेरा दिला आहे. "मग मावशी आपल्या कोण?" या मुलीच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही.

या वयात कुटुंबाची कल्पना कशी घडते आणि इतर समाजांतली मुले काय उत्तर देतील, हे कोणी अभ्यासले असल्यास कृपया सांगावे.

वसंत, सदाशिव पेठ

मी अनेक वर्षे बालमानसशास्त्र शिकवले. आपली मुलगी चुकलेली नाही, ती तिच्या वयाचे उत्तर देत आहे. स्विस बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी जिनिव्हातल्या मुलांना हाच प्रश्न विचारला होता आणि त्यांचे निष्कर्ष १९२४ साली पुस्तकरूपाने आले. अगदी लहान मुलांच्या लेखी घरात राहतात ते कुटुंब. पुढच्या टप्प्यावर रक्ताचे नाते कळू लागते, पण ते माणूस त्याच घरात किंवा जवळपास राहत असेल तरच मोजले जाते. आणि त्यानंतर कुठे तरी, दूर राहणारे नातलगही कुटुंबात येतात. नागपूरचे काका का गळले आणि बाबा समासावर का राहिले, हे यावरून समजून घेता येईल.

त्यांचा आणखी एक प्रश्न घरी विचारून पाहा. "तुला भाऊ किती?" असे विचारल्यावर मूल बरोबर सांगते, पण "तुझ्या भावाला किती भावंडे?" असे विचारले की लहान मूल बहुधा स्वतःला मोजत नाही. नाते दोन्ही बाजूंनी असते, हे समजायला काही वर्षे जातात. मात्र जिनिव्हाच्या मुलांची ही पायरी कोथरूडच्या मुलीला जशीच्या तशी लावू नये, असे मला स्वतःला वाटते.

अन्वया, येरवडा

वसंतकाकांच्या शेवटच्या वाक्याला धरून लिहिते. इरावती कर्वे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून भारतातल्या नातेव्यवस्थेवर काम केले आणि तो इंग्रजी ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या प्रांतांतले नात्यांचे शब्द शेजारी शेजारी वाचले, की मूल कुटुंब आधी हाकांतून शिकते हे जाणवते. तमिळ मुलासाठी आईची थोरली बहीण 'पेरियम्मा', म्हणजे मोठी आई असते. कन्नड घरात दोड्डम्मा आणि चिक्कम्मा असतात. अमेरिकेतल्या नवाहो लोकांत आईच्या बहिणीला 'धाकटी आई' म्हणतात, तर हवाईच्या जुन्या व्यवस्थेत आई, मावशी आणि आत्या या तिघींना एकच शब्द आहे. अशा मुलाला 'तुझी आई कोण?' असे विचारले, तर त्याने एकच बोट दाखवावे ही अपेक्षा आपली असते, त्याची नव्हे. चीनमध्ये युन्नान आणि सिच्वान यांच्या सीमेवरच्या लुगू सरोवराकाठी मोसुओ समाजात मुले परंपरेने आईच्या घरी वाढतात, तिथे मामा त्यांना सांभाळतात आणि वडील आपल्या आईच्या घरी राहतात. त्या मुलाच्या चित्रात वडील नसले, तर ते चित्र अपुरे ठरत नाही.

आपल्याकडे तरी शब्द कुठे स्थिर आहे? जुन्या पिढीतला माणूस 'आमचे कुटुंब' म्हणाला, तर तो बायकोबद्दल बोलत असे. जनगणनेत तर एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातले जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब; त्यांचे रक्ताचे नाते असलेच पाहिजे, अशी अट नाही. मावशी संध्याकाळी आपल्या घरी जातात, म्हणून त्या याही व्याख्येत बसणार नाहीत. पण 'फक्त नात्यातील' हा बाईंचा शेराही टिकत नाही.

श्रीधर, नारायण पेठ

आमचे वाड्यात मोठे खटले होते. आईला तीन धाकटे दीर, त्यामुळे दिवसभर 'वहिनी' हीच हाक कानांवर पडे आणि मीही आईला शेवटपर्यंत वहिनीच म्हणत आलो. तिसरीत गुरुजींनी घरी कोण कोण आहे असे विचारले, तेव्हा मी अण्णा, वहिनी, काकू, आजी अशी नावे सांगितली आणि वर्गाला वाटले की मला आई नाही. मधल्या सुट्टीत एका मुलाने काही न बोलता डब्यातला अर्धा लाडू माझ्या हातावर ठेवला. तो का दिला, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले. मृण्मयीताई, मुलीला दुरुस्त करू नका.

मृण्मयी, कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मुलीला भावाचा प्रश्न विचारला. तिच्या मामेभावाला बहिणी किती, असे विचारल्यावर ती आधी "एकही नाही" म्हणाली आणि अंथरुणावर पडल्यानंतर बऱ्याच वेळाने म्हणाली, "मी आहे की!"

आज मावशींना सहज विचारले, की त्यांच्या मुलाने शाळेत असे चित्र कधी काढले होते का. काढले होते. त्यात जेवायला वाढणाऱ्या शेजारच्या आजी होत्या, आणि मावशी दारात पिशवी घेऊन पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या माझ्या मुलीसोबत असतात ते दहा तास त्या मुलाच्या चित्रातून वजा झालेले आहेत, हे मला आजवर सुचले नव्हते.

सोमवारी बाईंची भेट ठरली आहे. नावाखाली 'ही व्यक्ती माझ्यासाठी काय करते' असे एक वाक्य मुलांना लिहू द्यावे, एवढीच विनंती करणार आहे. लाल रेघेचे ते पान मावशींना अजून दाखवलेले नाही.