मदत हवी आहे: युद्धकाळातली वैमानिकाची पत्रे आणि फोटो कसे जपावेत?

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याचे. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात वैमानिक होते, १९४२ साली ब्रह्मदेशच्या आघाडीवर. त्यांची पत्रे आणि लायसँडर विमानांसोबतचे फोटो घरच्या ट्रंकेत मिळाले. भारतीय हवाई दलाची स्थापनाच १९३२ची, त्यामुळे हे कागद फक्त आमच्या घरापुरते नाहीत असे मनापासून वाटते.

पत्रे कॉपिंग पेन्सिलने लिहिलेली आहेत. ओल लागली की ही अक्षरे जांभळी होऊन पसरतात, आणि गोव्याचा पावसाळा तुम्ही जाणताच. काही पत्रांना कसर लागली आहे. फोटो अल्बमच्या काळ्या पानांना घट्ट चिकटलेत, ओढायचा धीर होत नाही. लॅमिनेशन सुचवले गेले, पण ते पुन्हा सुटत नाही, म्हणून नकोच.

फोटो पानासकटच स्कॅन करावेत का? आम्लविरहित कागद आणि पॉलिएस्टरची पाकिटे गोव्यात कुठे मिळतील? कागद-संवर्धन जाणणारे कुणी पणजी-मडगावकडे आहे का? पुढे मूळ कागद पणजीच्या पुराभिलेख खात्याला द्यावेत, की बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयाला? ते संग्रहालय नौदलाचे, आजोबांचे भाऊ हवाई दलाचे, म्हणून मन घुटमळते. चवथीआधी कळवाल का? तेव्हा सगळे घर एकत्र असते.