मदत हवी आहे: एका हातानं 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळता येईल का? (जुना आणि नवाही)

नमस्कार. माझा दादा, वय ४०, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतो. दोन महिन्यांपूर्वी डाव्या हाताची तीन बोटं मशीनमध्ये सापडली. बोटं वाचली, पण आत तारा घातल्यात, आणि अजून बरेच दिवस तो हात वापरायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. सकाळी सातला डबा घेऊन बाहेर पडणारा माणूस दिवसभर घरात बसून असतो. परवा जेवताना म्हणाला, "ए, ते प्रिन्स मिळतंय काय गं अजून?" अपघातानंतर त्यानं स्वतःहून काही मागितलं ते हे पहिलंच. म्हणून हा धागा.

१९९८ च्या मे महिन्यात आम्ही हा खेळ मंगळवार पेठेत मामाच्या डीटीपीच्या दुकानात खेळायचो. लग्नपत्रिकांची कामं आवरली की संध्याकाळी एक तास कॉम्प्युटर आमचा. खेळातही जाफर वजीरानं राजकन्येला दिलेली मुदत बरोबर ६० मिनिटांची, त्यामुळे मामाचं घड्याळ आणि जाफरचं घड्याळ मला एकच वाटायचं. कीबोर्ड एक, आम्ही दोघं. बाण दादाकडे, शिफ्ट माझ्याकडे. खेळलेल्यांना माहीत असेल, त्या शिफ्टवर जीव अवलंबून असतो. कडेला लोंबकळायला शिफ्ट, जमिनीतून वर येणाऱ्या भाल्यांतून एकेक पाऊल टाकायला शिफ्ट, बाटली उचलायला शिफ्ट, तलवारीचा वारही शिफ्टनंच. दादा "धर!" म्हणून ओरडायचा आणि मला जरा उशीर झाला की प्रिन्स तीन मजले खाली. एक मजला पडला तर काही होत नाही, दोन पडला तर एक जीव जातो, तीन पडला की संपलं. हा हिशेब मला पाढ्यांसारखा पाठ होता.

मोठेपणी एक गोष्ट वाचली आणि खेळ आणखी आवडायला लागला. हा खेळ बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरनं आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं होतं आणि त्यावरून एकेक चित्र गिरवून प्रिन्स हलवला. १९८९ साली, ॲपल टू या कॉम्प्युटरवर. तो धावता धावता एकदम थांबत नाही, पुढे घसरतो, ते खऱ्या माणसासारखं का वाटतं ते तेव्हा कळलं.

आम्ही बाराव्या लेव्हलपर्यंत पोचलो होतो. तिथं ती सावली तलवार घेऊन उभी. तिला वार केला की आपलाच जीव कमी होतो. तीन संध्याकाळी तिच्याशी झुंजलो, मग शाळा सुरू झाली, मामानं नवं मशीन घेतलं आणि खेळ गेला तो गेलाच.

आता अडचण अशी. घरात विंडोज ११ चा लॅपटॉप आहे. जुना खेळ त्यावर कसा चालवायचा, आणि बाण व शिफ्ट दोन्ही उजव्या हाताला देता येतील का? पुढचे भाग त्यानं पाहिलेलेच नाहीत. २००३ चा 'सँड्स ऑफ टाइम', त्याच्या पुढचे दोन, आणि २०२४ चा 'द लॉस्ट क्राउन', यातला कुठला एका हाताला झेपेल? मी नोकरीवर असते, त्यामुळे दुपारी त्याला एकट्यालाच खेळावं लागेल. सावलीचं उत्तर मात्र सरळ सांगू नका. फार तर खूण सांगा.

डॉसवेडा: ताई, आधी दादांना लवकर बरं वाटो. डॉसबॉक्स म्हणजे जुने डॉसचे खेळ आजच्या विंडोजवर चालवणारा प्रोग्राम, त्यात खेळ सुरू करून कंट्रोल आणि एफ१ दाबा, कळा बदलायची पाटी उघडते. तिथं शिफ्टचं काम नमपॅडच्या, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या कळांतल्या, शून्याला द्या. जुना प्रिन्स नमपॅडवर छान चालतो: ४ आणि ६ नं डावी-उजवी, ८ नं वर, २ नं खाली, आणि ७ व ९ नं तिरकी उडी. म्हणजे तीन बोटं आकड्यांवर, अंगठा शून्यावर, डाव्या हाताचं काम उरत नाही. लॅपटॉपला नमपॅड नसेल तर यूएसबीचा सुटा मिळतो. आणखी एक, शिफ्ट पाच वेळा भरभर दाबली की विंडोज 'स्टिकी कीज'ची खिडकी समोर आणतं, तेही नेमकं तलवारबाजी चालू असताना. सेटिंगमध्ये जाऊन तो शॉर्टकट आधी बंद करा. 'एसडीएलपॉप' नावाचा याच खेळाचा नवा अवतारही आहे. त्यात एफ६ नं कुठंही सेव्ह होतं आणि एफ९ नं तिथं परत जाता येतं. मूळ खेळात तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल-जी नं सेव्ह व्हायचं, पण लेव्हल पहिल्यापासून करावी लागायची.

शाहूपुरीकर: 'सँड्स ऑफ टाइम' माझा सगळ्यांत लाडका. चुकलो तर खंजिरानं वेळ मागे फिरवता येते, दरीत पडलेला माणूस उलटा वर येतो, ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अर्धा तास मुद्दाम पडत होतो. तरीपण दादांना आत्ता तो देऊ नका. एका हातानं चालायचं आणि दुसऱ्यानं कॅमेरा, म्हणजे बघायची दिशा, फिरवायची, त्यात एक हात बांधलेला माणूस वैतागेल. 'वॉरियर विदिन' आणि 'टू थ्रोन्स'चंही तेच. हात मोकळा झाल्यावर हे तिन्ही क्रमानं खेळा, ओळ तुटू देऊ नका.

'लॉस्ट क्राउन' बाजूनं दिसणारा आहे, जुन्यासारखा, म्हणून कॅमेऱ्याचा ताप नाही. त्यात नायक प्रिन्स नसून सरगोन नावाचा योद्धा आहे, तो प्रिन्सला सोडवायला काफ पर्वतावर जातो. बटणं हवी तशी बदलता येतात, शत्रूचा मार कमी करता येतो, आणि अवघड उड्यांच्या जागी पुढे नेणारं दार उघडायची सोयही सेटिंगमध्ये आहे. ती चालू करायला अजिबात कमीपणा मानू नका. तरी मोठ्या शत्रूंच्या लढाया एका हाताला जड जातील, हे आधीच सांगून ठेवतो. डेमो फुकट आहे, विकत घेण्याआधी तो खेळून बघा.

पंचगंगाकाठ: सावलीबद्दल एवढंच. चौथ्या लेव्हलच्या शेवटी आरशातून उडी मारली होती ना? तेव्हा पलीकडे कोण गेलं ते आठवा. मग बाराव्यात तलवार हातात कशाला हवी, हे दादांना विचारा.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. नमपॅड आणला, शून्याला शिफ्ट दिली, स्टिकी कीज बंद केलं. दुपारभर दादा एकटाच खेळला. पहिल्या लेव्हलला सात-आठदा मेला, पण तलवार मिळाली आणि मला ऑफिसात फोन करून सांगितलं. एरवी तो कामाशिवाय फोन करत नाही.

संध्याकाळी घरी आले तर नमपॅड काढून बाजूला ठेवलेला. मला म्हणाला, "बस इथं, शिफ्ट धर." तिसऱ्या लेव्हलचा सांगाडा मरत नाही, त्याला मागे रेटत रेटत कडेवरून खाली पाडावा लागतो, हे मी विसरले होते. त्याला आठवत होतं. तो वाऱ्याच्या वेगानं बाण दाबत होता आणि मी घाबरून सगळी शिफ्ट आधीच मारत होते. दोनदा माझ्यामुळे मेलो, तिसऱ्यांदा सांगाडा खाली गेला. सेव्ह वापरायचं नाही असं ठरलंय. पंचगंगाकाठ, तुमची खूण मी अजून त्याला दिलेली नाही, बाराव्याला पोचलो की देईन.

'लॉस्ट क्राउन'चा डेमो उतरवून ठेवलाय. शाहूपुरीकर, कंट्रोलर टेबलावर घट्ट बसवून एकाच हातानं वापरता येईल असा काही स्टँड कोल्हापुरात मिळतो का? की उद्यमनगरात सांगून बनवून घेऊ? दादा म्हणतो माप तोच काढून देईल.