मदत हवी आहे: नेटशिवाय पॅनेलवर बोटाने उघडणारं चित्र

सहावीसाठी जास्वंदीच्या फुलाचं चित्र केलंय. पुंकेसर, अंडाशय, जिथे बोट लावाल तिथली माहिती उघडते. लुमी या प्रोग्रॅममध्ये एचफाइव्हपीचे (दाबून उघडणारे पाठ बनवायचं साधन) इमेज हॉटस्पॉट, म्हणजे चित्रावरचे दाबायचे ठिपके, वापरून एकच एचटीएमएल फाइल काढली. लॅपटॉपवर झकास चालते.

वर्गातल्या अँड्रॉइड टच पॅनेलवर मात्र पेनड्राइव्हमधली फाइल ब्राउझरमध्ये उघडते, पण ठिपके दाबले जात नाहीत. वर्गात नेट नाही, म्हणून थिंगलिंक, जेनिअली ही नेटवर चालणारी साधनं बाद. लॅपटॉप एचडीएमआयने जोडला तर चित्र दिसतं, टच चालत नाही (टचची यूएसबी केबल शाळेत नाही). मुलांनी नुसतं बघायचं असेल तर मग फळ्यावरचं चित्र काय वाईट?

ऑफलाइन एचटीएमएल नीट चालवणारा फुकट ब्राउझर कुणी पॅनेलवर वापरलाय का? की इम्प्रेसमध्ये (लिब्रेऑफिसचा स्लाइड बनवायचा प्रोग्रॅम) फुलाच्या भागांना स्लाइडच्या लिंक देऊन पीडीएफ करू? त्या बोटाने उघडतील का?