मदत हवी आहे: वरिष्ठांचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड करावं का?

वरिष्ठ केबिनमध्ये बोलावून राजीनाम्यासाठी दबाव आणतात. मेलवर मात्र सगळं गोडगोड. साक्षीदार कुणी नाही. पुढची बैठक फोनवर रेकॉर्ड करावी असं डोक्यात आहे.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते, कॅलिफोर्नियात गोपनीय संभाषणाला सगळ्यांची लागते, जर्मनीत तर असं चोरून केलेलं रेकॉर्डिंग गुन्हाच. म्हणजे देशागणिक चित्र वेगळं. आपण नसताना खोलीत फोन चालू ठेवून येणं मात्र मला मुळातच पटत नाही, ती हेरगिरी झाली.

कायद्याने चालत असलं तरी कंपनीच्या नियमावलीत बंदी असेल तर त्याच कारणावरून काढू शकतात का? असं रेकॉर्डिंग कुणी तक्रारीत वापरलंय? की बैठकीनंतर लगेच ‘आपलं असं बोलणं झालं’ असा मेल टाकलेला बरा?