गोळाफेक: साठीच्या गटात ५ किलोने उतरायचंय, सराव कसा बांधावा?

सातारी_माती
नमस्कार मंडळी. वय ५९, डिसेंबरात साठी पूर्ण होईल. कॉलेजात गोळाफेक होती, मधे मोठा खंड पडला, आता पुन्हा सुरू केली आहे. ६ किलोचा गोळा उभ्याने साधारण ८ मीटर जातो. जानेवारीनंतरच्या मास्टर्स (वयस्क खेळाडूंच्या) स्पर्धेत ६० वर्षांवरील गटात उतरायचंय. मैदानावर सगळे म्हणतात, ७.२६ किलोने सराव करा, ५ किलो आपोआप लांब जाईल. हे बरोबर आहे का? ग्लाइड (पाठ करून मागे सरकत टाकणं) शिकू की फिरून टाकायला शिकू? मनगट मागच्या बाजूने दुखतं, त्याचं काय करावं? आमच्याकडे सिमेंटचं सर्कल नाही, नुसती माती आहे.

उजवा_पाय
काका, ७.२६ चा गोळा आजच बाजूला ठेवा. अंतर हे गोळा सुटतानाच्या वेगाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढतं. फार जड गोळ्याने शरीर हळू ढकलायला शिकतं आणि स्पर्धेत तीच सवय ५ किलोलाही लागते. शिवाय या वयात स्नायू लवकर तयार होतात, पण स्नायूबंध मागे राहतात. खांदा आणि कोपर दुखायला लागतात ते नेमके त्या मधल्या काळात.

टाकायच्या दिवशी एकूण २० ते २४ फेका पुरेत. त्यातल्या साधारण निम्म्या ५ किलोने, सात-आठ ४ किलोने वेगासाठी, आणि ६ किलोने फक्त चार-पाच, त्याही उभ्याने. पूर्ण जोर सहा-सात फेकांनाच लावा. सलग तीन फेका नेहमीपेक्षा अर्धा मीटर कमी पडल्या की त्या दिवसाचं काम संपलं, मग आकडा पूर्ण करायचा हट्ट नको. दोन फेकदिवसांत किमान ४८ तास, शक्यतो ७२ तास जाऊ द्या. म्हणजे मंगळवार आणि शनिवारी गोळा, गुरुवारी वजनं.

वजनांत स्क्वॅट, रोमानियन डेडलिफ्ट, तिरक्या बाकावर डंबेल प्रेस आणि रोइंग, प्रत्येकी ५-६ आवर्तनांचे तीन सेट. शेवटी दोन आवर्तनं शिल्लक राहतील एवढंच वजन घ्या. २-३ किलोचा मेडिसिन बॉल भिंतीवर बाजूने आपटणं मला बेंच प्रेसपेक्षा मोलाचं वाटतं, कारण कंबर आधी आणि हात शेवटी हा क्रम त्यातूनच बसतो.

फिरून टाकण्याचा विचार सोडा. त्याला गुळगुळीत सिमेंट लागतं. मातीत पाऊल रुततं, शरीर फिरतं आणि पीळ गुडघ्यात जातो. ग्लाइडच घ्या, तोही आखूड. पाठ सेक्टरकडे (गोळा जिथे पडायचा त्या भागाकडे), सगळं वजन उजव्या पायावर. डावा पाय खालून स्टॉपबोर्डकडे (सर्कलच्या पुढच्या फळीकडे) ढकला, उजवी टाच शेवटी सुटू द्या आणि उजवं पाऊल सर्कलच्या मध्याजवळ थोडं वळवून टेकवा. ६०-७० सेंटीमीटर सरकलात तरी भरपूर झालं. खरी परीक्षा पुढे आहे: डावा पाय टेकतो त्या क्षणी खांदे अजून मागेच बघत असले पाहिजेत. ते आधीच उघडले तर पाय आणि कंबर फुकट जातात, एकटा हात उरतो. मग ग्लाइडची फेक उभ्या फेकेपेक्षाही कमी पडते आणि लोक ग्लाइडलाच दोष देतात. मोबाईलवर बाजूने चित्रीकरण करून तोच क्षण थांबवून बघा.

सांधे_आणि_स्नायू
मनगटाबद्दल. गोळा तळहातात बसवू नका आणि बोटांच्या टोकांवरही नको. बोटं जिथे तळव्याला मिळतात तिथे ठेवा: मधली तीन बोटं मागे, अंगठा आणि करंगळी बाजूने आधाराला. दुखण्याचं दुसरं कारण खाली पडलेलं कोपर. कोपर पडलं की गोळा चेंडूसारखा फेकला जातो, मनगट वजनाखाली मागे मोडतं आणि कोपराच्या आतल्या बाजूलाही ताण येतो. कोपर गोळ्याच्या मागे आणि वर राहायला हवं. मनगटाला चिकटपट्टी गुंडाळायला नियमाने हरकत नाही. दोन बोटं एकत्र बांधणं आणि हातमोजे मात्र गोळाफेकीत चालत नाहीत. दुखणं थांबेपर्यंत ६ किलो पूर्ण बंद, ४ किलोनेच टाका. दुसऱ्या दिवशीही सूज किंवा कळ राहिली तर दाखवून घ्या.

जोर लावताना श्वास कोंडून धरू नका, रक्तदाब एकदम चढतो. गोळा सुटताना श्वास सोडा.

लाल_झेंडा
सर्कल मातीतही नीट आखता येतं. मध्यावर खिळा ठोका, १०६.७५ सेंटीमीटर दोरी घ्या, फक्कीने गोल काढा; व्यास २.१३५ मीटर येतो. सेक्टरचा कोन ३४.९२ अंश असतो, पण कोनमापक लागत नाही. मध्यापासून २० मीटरवर दोन्ही रेषांमधलं अंतर १२ मीटर धरा, किंवा १० मीटरवर ६. पुढे १० सेंटीमीटर उंचीची लाकडी फळी पक्की बसवा. फळीशिवाय सराव केलेले लोक स्पर्धेत हमखास तिच्यावर पाय देतात. तिच्या आतल्या बाजूला पाय लागला तर चालतो, वर लागला की फाउल. गोळा पडेपर्यंत आतच थांबा आणि मागच्या अर्ध्या भागातून बाहेर या. चांगली फेक झाल्याच्या आनंदात पुढून बाहेर पडून ती घालवणारे दरवेळी दिसतात आणि फार वाईट वाटतं.

तुमच्या गटात, म्हणजे ६० ते ६९ मध्ये, गोळा ५ किलो, थाळी १ किलो, भाला ६०० ग्रॅम. जागतिक मास्टर्स स्पर्धेत गट स्पर्धेच्या पहिल्या दिवशीच्या वयावर ठरतो. गोळा विकत घेताना काट्यावर ठेवूनच घ्या, ५ किलोहून थोडाही कमी असेल तर तपासणीत बाद होतो, आणि गंजून वजन घटतं. व्यास १०० ते १२० मिलिमीटर चालतो. हात लहान असेल तर छोटा घ्या.

सातारी_माती
सगळ्यांचे आभार. आणखी एक: रक्तदाबाची गोळी चालू आहे, टेल्मिसार्टन आणि दुसरं काहीतरी एकत्र. अडचण येईल का?

सांधे_आणि_स्नायू
पाकिटावरचं ते दुसरं नाव आजच वाचा. हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर ती लघवी वाढवणारी औषधं आहेत आणि खेळात कायम प्रतिबंधित यादीत आहेत. उत्तेजक चाचणी मास्टर्स स्पर्धेतही होऊ शकते. टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन यादीत नाहीत. गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना स्पर्धेचं सांगा, ते पर्याय देतील किंवा वैद्यकीय सूट मिळवण्यासाठी, म्हणजे टीयूईसाठी (प्रतिबंधित औषध घ्यायच्या परवानगीसाठी), कागदपत्रं तयार करून देतील. इन्सुलिनलाही ही सूट लागते, मेटफॉर्मिनला नाही. खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायची वेळ आली तरी आधी हेच विचारा, स्पर्धेच्या काळात तेही प्रतिबंधित आहे.

उजवा_पाय
शेवटच्या आठवड्याचं राहिलं होतं. जड वजनं स्पर्धेच्या आठ-दहा दिवस आधी थांबवा. दोन दिवस आधी सहा-सात हलक्या फेका, बस. स्पर्धेत आपली पाळी यायला वेळ लागतो आणि अंग थंड पडतं, म्हणून जॅकेट काढू नका. नाव पुकारण्याआधी गोळ्याशिवाय दोन ग्लाइड करून घ्या. पहिली फेक उभ्यानेच टाका, म्हणजे एक अंतर नोंदलं जातं आणि पुढच्या फेकांना मोकळेपणाने ग्लाइड करता येतो.