घरातल्या डासांशी लढताना आधी काय: जाळी की रसायन?

साशंक (धागाकर्ता)

घरात डास वाढले की बहुतेकांचा हात आधी कॉइलच्या पुड्याकडे नाहीतर प्लगमध्ये खोचायच्या बाटलीकडे जातो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. रसायन हा शेवटी योजायचा उपाय होता, आपण तो रोजचा नेम करून टाकला आहे. त्यातही दारे-खिडक्या लावून रात्रभर कॉइल जळत ठेवणे हा मला निव्वळ अविचार वाटतो. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे अतिसूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटी जाळल्याइतके भरले होते. हाच धूर सिगारेटचा असता तर तो आपण मुलाच्या उशाशी ठेवला असता का?

आधी जाळी पाहावी. जाळी बसवली म्हणजे काम झाले असे नसते. चौकटीच्या कोपऱ्यात सुटलेली पट्टी, सरकत्या काचेच्या दोन झडपांमधली फट, दाराखालचे बोटभर अंतर आणि न्हाणीघराचा झरोका या चार जागा नीट बुजवल्याशिवाय जाळीचा काहीही उपयोग होत नाही. त्यानंतर पाणी. कुंडीखालच्या ताटलीकडे जरा वाकून पाहिले तर पृष्ठभागाला शेपटाकडची नळी टेकवून उलट्या लटकलेल्या अळ्या दिसतात आणि आपली सावली पडताच त्या वळवळत तळाशी जातात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस जातीच्या डासाची मादी अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते आणि ती अंडी कोरड्यातही काही महिने तग धरतात. त्यामुळे पाणी ओतून देणे पुरेसे नाही, कड घासावी लागते. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून हे काम आठवड्यातून एकदा व्हायलाच हवे. 1901 साली क्युबातल्या हवानामध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी पाण्याच्या साठ्यांमागे लागूनच काही महिन्यांत डासांमुळे पसरणारा पीतज्वर हटवला होता. तेव्हा कुठे होती प्लगमधली बाटली?

स्पष्टवक्ता

हवानाचे उदाहरण आपण अर्धेच दिले आहे. गॉर्गस यांच्या पथकांनी पाण्यावर रॉकेल ओतले, टाक्या झाकल्या हे खरेच. परंतु पीतज्वराचा रुग्ण सापडला की त्याचे घर फटी बुजवून बंद केले जाई आणि आत गंधकाची किंवा पायरेथ्रमची धुरी दिली जाई. पायरेथ्रम म्हणजे शेवंतीच्या कुळातल्या एका फुलाची भुकटी, आणि आजच्या कॉइलमधली व बाटलीतली बहुतेक रसायने तिच्याच धर्तीवर घडवलेली आहेत. तेव्हा त्या मोहिमेला रसायनाविरुद्धचा पुरावा म्हणून उभे करणे मला पटत नाही.

दुसरा मुद्दा अधिक मोठा आहे. 2000 ते 2015 या काळात आफ्रिकेत मलेरियाचे सुमारे 66 कोटी 30 लाख रुग्ण टळले असा अंदाज 2015 साली प्रसिद्ध झाला आणि त्यांतला 68 टक्के वाटा कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांचा होता. साध्या मच्छरदाणीला हात टेकला तर डास बाहेरून चावतो, एखादे भोक पडले तर आतही शिरतो. रसायन लावलेल्या मच्छरदाणीवर बसलेला डास बहुधा तिथेच मरतो. जाळी आणि रसायन यांना आपण एकमेकांसमोर उभे केलेत, पण सर्वांत यशस्वी ठरलेल्या साधनात ती दोन्ही एकाच कापडात आहेत.

शिवाय डास घरातच चावतो असेही नाही. डेंग्यू पसरवणारा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधीच्या तासांत. त्या वेळी माणूस अंगणात, रस्त्यावर, मैदानावर असतो आणि तिथे खिडकीची जाळी कामाची नाही. तिथे अंगाला लावायचे औषधच लागते. डीईईटी हे रसायन अमेरिकी सैन्यासाठी 1946 मध्ये तयार झाले आणि 1957 पासून सर्वसामान्यांच्या वापरात आहे. दोन महिन्यांहून लहान बाळाला ते लावू नये आणि लहान मुलांच्या तळहातांवर, डोळ्यांजवळ चोळू नये, एवढे पथ्य सांभाळले तर त्याचा इतिहास बराच निर्धोक आहे. बाटलीवरची टक्केवारी जास्त असली म्हणजे औषध जालीम असते असा समज आहे. ती टक्केवारी मुख्यतः परिणाम किती तास टिकेल हे ठरवते.

हिरवाई

कृत्रिम रसायनांवर एवढा खल चालू असताना वनस्पतींकडे कोणीच वळत नाही याचे आश्चर्य वाटते. सिट्रोनेलाचे किंवा कडुलिंबाचे तेल अंगाला लावावे, खिडकीत गवती चहाची कुंडी ठेवावी आणि ज्यांना तेही नको त्यांनी ध्वनिलहरींचे यंत्र लावावे. यांतल्या कशानेही फुफ्फुसांत धूर जात नाही.

नीरक्षीर

सिट्रोनेलाच्या तेलात गुण नाही असे नाही, परंतु ते झपाट्याने उडून जाते, त्यामुळे दर थोड्या वेळाने पुन्हा लावावे लागते. कुंडीतले रोप तर नुसते उभे असताना डासांना पळवण्याइतके तेल हवेत सोडतच नाही. वनस्पतिजन्य पर्यायांमध्ये ज्याचा पुरावा भक्कम आहे तो लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून मिळणारा पीएमडी हा घटक, आणि तोही तीन वर्षांखालील मुलांना लावू नये असे सांगितले जाते. निसर्गातून आले म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण पायरेथ्रमनेच खोटे पाडले आहे: त्याच कुळातले पर्मेथ्रिन माणसाला फारसे बाधत नाही, पण मांजराच्या जिवावर बेतू शकते आणि मासे व मधमाश्यांना ते घातक आहे. घरात मांजर किंवा माशांची टाकी असणाऱ्यांनी फवारा हातात घेण्यापूर्वी हे आठवावे.

ध्वनिलहरींच्या यंत्रांबद्दल मात्र मी जराही मवाळ राहणार नाही. दहा प्रत्यक्ष चाचण्यांचा एकत्रित आढावा 2007 साली घेतला गेला आणि डास चावण्याचे प्रमाण या यंत्रांनी कमी होते असे कुठेही आढळले नाही. अंगणात टांगायच्या निळ्या दिव्याच्या सापळ्याची कथा तर याहून वाईट आहे. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील डेलावेअरमधल्या पाहणीत अशा सापळ्यांत मेलेले 13,789 कीटक मोजले गेले. त्यांत चावणारे अवघे 31 होते. बाकीचे पतंग, भुंगेरे आणि पाण्यातले निरुपद्रवी कीटक. चावणारी मादी श्वासातला कार्बन डायऑक्साइड, शरीराची ऊब आणि घामाचा वास यांचा माग काढत येते, निळ्या उजेडाचे तिला फारसे आकर्षण नसते. त्यापेक्षा साधा पंखा पायांच्या दिशेने वळवलेला बरा. डास उडण्यात कच्चा असतो आणि पंख्याच्या वाऱ्याने आपल्या श्वासाचा मागही विस्कटतो.

तळमजला

जाळी बसवा, टाकी झाका, हे सांगणे सोपे आहे. ज्याचे घर भाड्याचे आहे आणि चौकटीला खिळाही ठोकायची मुभा नाही, त्याने काय करावे? शेजारच्या पडक्या बांधकामात पाणी साचलेले असेल तर मी माझी ताटली कितीही घासली तरी डास येणारच. या कामाचा भार घराघरावर न टाकता नियमित धूरफवारणीची मागणी सर्वांनी मिळून लावून धरली पाहिजे.

जाता जाता एक प्रश्न: ढेकणांवर हेच फवारे चालतात का?

साशंक

तळमजला, आपली अडचण खरी आहे. भाड्याच्या खिडकीला चिकटपट्टीने बसणारी आणि काढता येणारी जाळी मिळते, तेवढा मार्ग आहे. पण धूरफवारणीच्या मागणीला माझा विरोध आहे. तो धूर त्या क्षणी उडत असलेल्या डासांनाच मारतो. पाण्यातल्या अळ्यांना त्याची झळ लागत नाही, आणि पलंगाखाली, पडद्यामागे बसलेला एडिस तर रस्त्यावरच्या धुरापासून सुरक्षितच असतो. चार दिवसांनी डासांची नवी फळी तयार. पडक्या बांधकामातल्या पाण्यासाठी बीटीआय नावाचा जिवाणू आहे, 1976 साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडलेला. तो डासांच्या अळ्यांना मारतो, माणसाला किंवा माशांना त्रास देत नाही. सामुदायिक मागणी करायचीच तर त्याची करावी. इंडोनेशियातील योग्यकार्ता शहरात वोल्बाकिया हा डासाच्या शरीरात डेंग्यूचा विषाणू वाढू न देणारा जिवाणू असलेले डास सोडून डेंग्यूचे रुग्ण 77 टक्क्यांनी घटले, हा निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. सार्वजनिक उपाय म्हटले की आपण केवळ धुराच्या गाडीची वाट पाहावी असे नाही.

ढेकणांचे म्हणाल तर बाजारातल्या धुराच्या डब्याने ते भिंतीच्या भेगांत आणखी खोल जातात. अंथरूण-पांघरूण कडक गरम पाण्यात धुणे, पलंगाच्या सांध्यांतले ढेकूण व्हॅक्यूम क्लीनरने ओढून काढणे आणि गादीला चेनचे आवरण घालणे हे कष्टाचे पण खरे उपाय.

स्पष्टवक्ता

धूरफवारणीबाबत सहमत आहे. तरी एक प्रश्न उरतोच. घरात डेंग्यूचा रुग्ण आहे असे धरा. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत त्याला चावणारा डास विषाणू उचलतो आणि साधारण आठ ते बारा दिवसांनी तो दुसऱ्याला देऊ लागतो. अशा घरात आपण आठवड्याची घासाघीस सांगत बसणार, की त्याच संध्याकाळी फवारा मारणार?

साशंक

त्याच संध्याकाळी मारावा: पलंगाखाली, कपाटामागे, गडद कोपऱ्यांत, माणसे आणि पाळीव प्राणी बाहेर काढून, आणि नंतर खोली मोकळ्या हवेला लावून. पण त्याआधी रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे, कारण फवाऱ्यातून वाचलेल्या एका मादीलाही त्याच्यापर्यंत पोहोचता येता कामा नये. आक्षेप आहे तो कोणीही आजारी नसताना वर्षाचे 365 दिवस तेच रसायन हुंगत राहण्याला. पायरेथ्रम कुळातल्या औषधांना न जुमानणारे डास अनेक देशांत तयार झाले आहेत. रोज थोडे थोडे औषध हवेत सोडत राहिलो, तर ज्या संध्याकाळी फवाऱ्याची खरोखर गरज पडेल त्या संध्याकाळी तो लागू पडेल याची खात्री स्पष्टवक्ता कशाच्या आधारे देणार?